तीन प्रकारचं पाणी

तयम्मुम म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी मक्तबमध्ये पाठ केलेलं असतं. पाणी मिळत नसेल किंवा आजारपणामुळे चालत नसेल, तर पाक मातीवर हात मारून चेहऱ्यावरून आणि कोपरापर्यंत हातांवरून फिरवायचे. वुजूऐवजी तेवढं पुरतं. सूरह निसा आणि सूरह माइदा, दोन्हींत हा हुकूम आला आहे. पाठ सगळ्यांना असतं, पण करायची वेळ फार थोड्यांवर येते. आमच्या घरात तर कुणावरच आली नव्हती.

हिवाळ्यात आम्ही सोलापुरातून गाडी काढून अजमेरला जियारतीला गेलो. मुलांचा हट्ट, म्हणून पुढे जैसलमेर गाठलं. तिथून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर सम गाव लागतं. डेझर्ट नॅशनल पार्कच्या कडेचा हा भाग. वाळूच्या टेकड्यांना तिथे धोरे म्हणतात. संध्याकाळी धोऱ्यांवर जत्राच असते: जीप, उंट, चहावाले, मोबाइल उंच धरून सूर्यास्ताची वाट बघणारी माणसं.

सूर्य बुडाला आणि अब्बांनी मूठभर वाळू हातात घेतली. म्हणाले, "आज तयम्मुम करतूं. इससे पाक मिट्टी किधर मिलेगी?"

शहात्तर वर्षांच्या माणसाची हौस मोडवत नव्हती. पण मसला सरळ आहे. पाणी हाताशी असताना तयम्मुम होत नाही. मी म्हटलं, "अब्बा, गाडी में दो बाटल्या पानी हाय."

"वो तो पीने का हाय ना?"

अब्बांचा मुद्दाही बिनतोड होता. असलेलं पाणी पिण्यासाठीच लागणार असेल, तर वुजू सोडून तयम्मुम करता येतो, असं फिकहची पुस्तकं सांगतात. स्वतःचीच नव्हे, सोबतच्या माणसाची, जनावराचीसुद्धा तहान वुजूच्या आधी धरली आहे. पण आमचा तंबू दहा मिनिटांवर होता आणि तिथे पाण्याचे जार भरलेले होते. तहानेचं कारण टिकलं नाही.

आमचा उंटवालाही मुसलमान, अब्बांपेक्षा थोडा लहान. तो हे ऐकत होता. त्याने उंटाच्या खोगिराला बांधलेल्या कॅनमधून एक लहान लोटा भरला आणि अब्बांसमोर बसून स्वतः वुजू केला. करंगळीएवढी धार. हात, चुळा, नाक, चेहरा, कोपरं, मसह, पाय. शेवटी लोट्यात दोन घोट उरले, ते तो प्यायला. अब्बांनी अर्ध्या बाटलीत वुजू केला. अल्लाहचे रसूल एका मुद्द पाण्यात, म्हणजे लीटरच्या आतबाहेर, वुजू करत, ही हदीस मी अनेकदा वाचली होती. ती जमते कशी, ते त्या दिवशी दिसलं. मग तिघांनी वाळूवरच मगरिब पढली.

नंतर चहा पिताना तो पाण्याबद्दल बोलत राहिला. भाषा शिकवणारा माणूस असल्याने माझे कान टवकारले, कारण त्याच्याकडे पाण्याला तीन शब्द होते. आभाळातून पडतं आणि तलावात, टाक्यात साठतं ते पालर. खोल विहिरीत लागतं ते पाताल. ते तिकडे बऱ्याच ठिकाणी खारं असतं. या दोहोंच्या मधलं ते रेजाणी. पावसाचं पाणी वाळूत मुरतं. खाली काही ठिकाणी जिप्समचा थर असतो, तो त्याला खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. वाळूचे कण एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून वाळूला भेगा पडत नाहीत आणि ओल उडून जात नाही. अशा जागी अरुंद कुई खणली की ती ओल थेंबाथेंबाने तळाशी जमते. दिवसाला दोन-चार घडे, पण गोडं.

मला आमची काळी माती आठवली. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि असलेली ओलही निघून जाते. जैसलमेरला वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सोलापूरला पाचशेच्या वर. तरी आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि आलं की आम्ही आधीचं 'शिळं' म्हणून ओतून देतो.

अब्बांनी घरी आल्यापासून वुजूसाठी नळ सोडणं बंद केलं आहे. बेसिनपाशी एक तांब्या ठेवलाय. नातवंडं पैज लावतात, कुणाच्या तांब्यात किती उरलं.

शाळेत मी ते तीन शब्द उर्दू आणि देवनागरी, दोन्ही लिप्यांत फळ्यावर लिहिले. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, टँकरचं पाणी कोणतं?"

मी म्हटलं, "पाताल. पण दुसऱ्याच्या गावचं."