राक्षसाची वाडी

नाताळ जवळ आला की आपल्या बहुतेक धर्मग्रामांत मुलांचे एखादे नाटुकले होतेच. मेंढपाळांच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेले असतात, तिन्ही राजांच्या मुकुटांना चॉकलेटचा चंदेरी कागद लावलेला असतो आणि देवदूताचा एक पंख दुसऱ्या प्रवेशापर्यंत हमखास कललेला असतो. मला हे सारे मनापासून आवडते. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावी खरा बैल आणि खरे गाढव आणून गव्हाणीचा देखावा उभा केला. त्या परंपरेचा धागा टॉवेल गुंडाळलेल्या या पोरांपर्यंत येऊन पोहोचतो, याचे मला नेहमीच कौतुक वाटते. परंतु आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ही कथा पाठ असते. पुढे काय होणार याची उत्सुकता त्याच्या डोळ्यांत उरलेली नसते. २०२२ साली आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी म्हणूनच सरळ मागणी केली, "फादर, यंदा राक्षस पाहिजे!"

राक्षस म्हटल्याबरोबर मोठ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. चर्चच्या आवारात राक्षस कशाला? खरे पाहता मराठी मुलांना राक्षसांचे आणि चेटकिणींचे भय कधीच वाटले नाही. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरने १९५९ साली रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले. पुढे मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'तील चेटकिणीवर तर पिढ्यानपिढ्या मुलांनी जीव लावला. नाटकाविषयी धास्ती असते ती आपल्यासारख्यांना. जेझुइटांच्या १५९९ सालच्या शिक्षणसंहितेत नाटकांविषयी एक नियम आहे. नाटके क्वचितच करावीत, लॅटिनमध्येच करावीत, विषय धार्मिक असावा आणि स्त्रीपात्र असू नये, असा त्याचा आशय. गंमत अशी की, याच जेझुइटांनी पुढे युरोपभर असंख्य नाटके केली. नियम करणाऱ्यांनाही मुलांपुढे हात टेकावे लागले असावेत.

मी निवड केली ती ऑस्कर वाइल्डच्या 'स्वार्थी राक्षस' या कथेची. १८८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या परीकथांच्या संग्रहात ती आहे. राक्षसाची एक सुंदर बाग असते. तो सात वर्षे परगावी असताना मुले तिथे खेळू लागतात. परतल्यावर तो त्यांना हुसकावतो, उंच भिंत बांधतो, पाटी लावतो. मग त्या बागेत वसंत येतच नाही. एके दिवशी भिंतीच्या भगदाडातून मुले आत शिरतात, झाडांवर चढून बसतात आणि झाडे फुलतात. एका कोपऱ्यात मात्र हिवाळा तसाच राहतो, कारण तिथल्या धाकट्याचा हात फांदीला पुरत नाही. राक्षस त्याला उचलून फांदीवर बसवतो, मूल त्याचा मुका घेते आणि राक्षस कुऱ्हाड घेऊन स्वतःची भिंत स्वतः पाडतो. ते मूल पुन्हा कधी दिसत नाही. राक्षस म्हातारा होतो. एका हिवाळी सकाळी कोपऱ्यातले ते झाड पांढऱ्या फुलांनी डवरलेले दिसते आणि त्याखाली तेच मूल उभे असते. त्याच्या तळहातांवर आणि पावलांवर खिळ्यांचे व्रण असतात.

संहिता वाचून एका सुशिक्षित गृहस्थांनी लेखकाच्या चारित्र्याचा प्रश्न काढला. तुरुंगात गेलेल्या माणसाची कथा आपल्या मुलांना कशाला? मी त्यांना सांगितले की, होय, १८९५ साली त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली होती. परंतु १९०० सालच्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसमध्ये तो मृत्युशय्येवर असताना एका आयरिश धर्मगुरूने त्याला कॅथलिक ख्रिस्तसभेत घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याने प्राण सोडला. अखेरच्या घटकेला आत आलेल्या माणसाला उंबऱ्यावर अडवण्याचे काम निदान आपण तरी करू नये. गृहस्थ हसले, आणि पुढे त्यांनीच ध्वनिक्षेपकाचा खर्च उचलला.

आता प्रश्न हिवाळ्याचा होता. वसईच्या मुलांना बर्फाचे काय? डिसेंबरात आमच्याकडे वालाला शेंगा धरतात आणि मुले स्वेटर घालायला उत्सुक असतात. हिवाळा हा त्यांचा वैरी नव्हे. वाडीचा वैरी कोण, असे मी मुलांनाच विचारले. एका मुलाने ताबडतोब सांगितले, "खारे पाणी." टँकरवाल्यांनी उपसा केला, बावखले बुजवली गेली, विहिरींना खारट पाणी लागले आणि केळी करपल्या, हे त्याने घरी ऐकले होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसईच्या चळवळीत माणसे रस्त्यावर उतरली ती हिरवाईसाठी आणि याच पाण्यासाठी. तेव्हा आमच्या नाटकात बर्फाच्या जागी ऊन आले, धूळ आली, खारा वारा आला, आणि खारे पाणी तर एक सुरेख गाणेच गाऊन गेले. वाइल्डच्या बागेत पीचची झाडे होती. आम्ही पांढरा चाफा घेतला. पाने झडून गेलेल्या फांद्यांवर, ऐन उन्हात फुलणारे हे झाड. शिवाय ते आपल्या चर्चच्या आवारात आणि दफनभूमीतही असते. चाफ्याच्या फांदीवर मूल बसवले तर ती कडकन मोडते, हे एका वाडीवाल्याने तत्काळ लक्षात आणून दिले. मग सुताराकडून फळ्यांचे मजबूत झाड करून घेतले आणि त्यावर कागदी फुले बांधली. भिंत पुठ्ठ्यांच्या खोक्यांची होती.

गाण्यांच्या चाली आम्ही जुन्या लग्नगीतांवरून बांधल्या. हार्मोनियम, ढोलकी आणि गावच्या बँडमधली एक क्लॅरिनेट, एवढाच वाद्यमेळ. मुले घरच्या सामवेदी बोलीत गायची आणि राक्षस पुस्तकी मराठीत बोलायचा. भिंत पडल्यावर प्रथमच त्याच्या तोंडी बोली येई, आणि तालमीत हटकून हशा पिकत असे.

खरा वाद झाला तो शेवटच्या प्रवेशावरून. संपूर्ण कथेत येशूचे नाव एकदाही येत नाही. पाळकीय परिषदेतील काहींचा आग्रह होता की, शेवटी निवेदकाने पुढे येऊन तो बालक कोण हे सांगावे आणि बोध समजावून द्यावा. प्रेक्षकांत शाळेतील हिंदू व मुस्लिम मुलेही असणार, त्यांना कळायचे कसे? मी ठामपणे नकार दिला. तीस वर्षांच्या सेवेत मी पुष्कळ प्रवचने केली आहेत. प्रवचनाला प्रवचनाची जागा असते. या कथेत मला जे ख्रिस्ती वाटते ते कोणा निवेदकाच्या मुखात मावणारे नाही. पहिल्या प्रवेशात राक्षस काठी आपटून ओरडतो तो स्वतःच्या भिंतीसाठी. अखेरच्या प्रवेशात मुलाचे व्रण पाहून तो पुन्हा तसाच ओरडतो, तीच काठी तशीच उगारतो, तुला कोणी जखमी केले ते सांग म्हणतो. आवाज तोच असतो, संताप तोच असतो. फक्त आता तो दुसऱ्यासाठी असतो. मूल त्याला सांगते की, या जखमा प्रेमाच्या आहेत. तू एकदा मला तुझ्या बागेत खेळू दिलेस, आज तू माझ्या बागेत ये, म्हणजे नंदनवनात, असे बोलावणेही करते. लूकच्या शुभवर्तमानात क्रुसावरच्या चोराला मिळालेले अभिवचन ज्याने ऐकले आहे त्याला ते ओळखू येईल. ज्याने ऐकले नाही, त्याला निदान एका मुलाने म्हाताऱ्याला आपल्या घरी बोलावल्याचे तरी समजेल. तेही काही थोडे नाही.

सेमिनरीत शिकताना एक गोष्ट कानावर पडली होती, ती या निमित्ताने आठवली. पाश्चात्त्य भाषांतील नंदनवनाचा 'पॅराडाइस' हा शब्द मूळचा जुन्या इराणी भाषेतला आणि त्याचा मूळ अर्थ सभोवती भिंत असलेली जागा. फिरदौस हा शब्दही तिथलाच. म्हणजे शब्दाच्या पोटातच भिंत आहे. त्या भिंतीला दार कुठे आहे, हे मात्र शब्दकोशात सापडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक हळवा होता. एका मातेने विचारले, "फादर, लहान मुलांच्या नाटकात मरण कशाला? राक्षस मुलांबरोबर खेळतोय, इथेच पडदा पाडा ना." तिचे म्हणणे मला हसण्यावारी नेता येईना. राक्षसाचे काम करणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाचे आजोबा २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने गेले होते. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. पेटी उघडली गेली नाही. मुलांना घरीच ठेवले होते. त्या महिन्यात दफनभूमीत प्रार्थना म्हणताना समोर किती थोडी माणसे असत, ते मला ठाऊक होते. आमच्या मुलांनी मरण ऐकले होते, दारामागून ऐकले होते, पाहिले मात्र नव्हते. मी त्या मुलालाच विचारले की, शेवट बदलू का? त्याने मान हलवून नाही म्हटले. थोड्या वेळाने त्यानेच एक शंका काढली, "फादर, आधी मी त्याला उचलतो. मग शेवटी त्याने मला उचलायला पाहिजे. मी त्याला जड नाही का होणार?" संत ख्रिस्तोफरच्या आख्यायिकेत खांद्यावरचे मूल नदी ओलांडताना जड होत जाते, या मुलाने ओझे उलटे केले होते. मला उत्तर सुचले नाही. धाकट्याने नुसते बोट धरावे आणि राक्षसाने झाडाखाली हळूच निजावे, असे आम्ही ठरवले.

प्रयोग नाताळाच्या आदल्या रविवारी मंडपात झाला. दुसऱ्या गाण्यात क्लॅरिनेटने दगा दिला. भिंतीची खोकी वेळेआधी कोसळली, तेव्हा राक्षसाने प्रसंगावधान राखून ती पुन्हा रचली आणि मग रीतसर कुऱ्हाडीने पाडली. त्याला सर्वांत मोठी टाळी पडली. नंतरच्या रविवारी वर्गात तो बालक कोण, यावर मुलांत तीन मते पडली. एकाच्या मते तो राक्षसाचा हरवलेला मुलगा होता. मी मध्ये पडलो नाही.

शेवटच्या प्रवेशात मुलांनी एकेक करून राक्षसाच्या अंगावर चाफ्याचे फूल ठेवावे आणि विंगेत जावे, असे बसवले होते. फुले त्यांनी ठेवली. पण आत कोणी गेले नाही. पहिले मूल थांबले म्हणून दुसरे थांबले, आणि सगळीच त्याच्या भोवती गुडघ्यांवर बसून राहिली. गाणे संपले होते. मंडपात कोणी खोकतही नव्हते. इतक्यात पुढच्या रांगेतून लाल लुगडे नेसलेल्या एक आजी उठल्या, रंगमंचापाशी आल्या, अंबाड्यातले फूल काढून त्यांनी फळीच्या कडेला ठेवले आणि क्रुसाची खूण केली. त्यांच्यामागे आणखी दोघी उठल्या. विंगेत पडद्याची दोरी धरून उभ्या असलेल्या मुलाने मला खुणेने विचारले, ओढू का?

मी म्हटले, थांब थोडा.