भोंगा कुठपर्यंत ऐकू येतो?

मुलांनो, आमचं शेवगाव तसं दुष्काळी मुलखातलं. पण तालुक्याच्या उत्तरेला गोदामाई आहे आणि पैठणचं जायकवाडी धरण जेमतेम तीसेक किलोमीटरवर. परवा चौथीच्या मुलांना घेऊन आम्ही तिथं गेलो. डबे, पाण्याच्या बाटल्या आणि प्रश्नांचं गाठोडं, सगळं बरोबर होतं!

१९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी या धरणाची पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. दरवाजे किती? मुलांनी आधी २६ मोजले, मग भांडून पुन्हा मोजले. २७ भरले.

मी सांगितलं, "पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवतात. नदीपात्रातल्या माणसांनी लगेच बाहेर पडायचं."

"सर, भोंगा ओरडतो कसा?"

सोपं आहे बरं का! खाचा पाडलेल्या डबड्यात पात्यांचं चाक गरागरा फिरतं. खाचा उघडतात, मिटतात आणि हवेचे झटके बाहेर पडतात. दहा खाचा आणि सेकंदाला चाळीस फेरे, म्हणजे चारशे झटके. तोच आपल्याला ऐकू येणारा सूर. चाकाचा वेग वाढला की सूर चढतो. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्याची खूण अशीच होती. वर-खाली होणारा सूर म्हणजे धोका, एकसारखा लांब सूर म्हणजे धोका टळला.

भोंगा बसवायचा तो उंच जागी. मध्ये झाडं-इमारती आल्या की आवाज अडतो. पण उंचावर ऊन, पाऊस आणि पाखरंही असतात. कर्ण्यात घरटं होतं, पत्रा गंजतो, बेअरिंगमधलं ग्रीस वाळतं. म्हणून तो अधूनमधून वाजवून पाहावा लागतो. कित्येक गावांत नगरपालिकेचा भोंगा रोज ठरल्या वेळी वाजायचा. लोक घड्याळं लावायचे आणि भोंगा धड आहे हेही कळायचं.

इतक्यात एका मुलीनं विचारलं, "सर, आमच्या मुंगीला हा भोंगा ऐकू येतो?"

मुंगी हे आपल्याच तालुक्यातलं, पैठणच्या खालच्या अंगाला गोदाकाठी वसलेलं गाव. मी गप्प झालो. आवाज तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो खरा, पण जाता जाता विरतो. वारा उलटा असला तर आणखी लवकर.

तीच पुढं म्हणाली, "नाहीच येत! सप्टेंबर २०२५ मध्ये गावात निरोप आला, दवंडी झाली. बाबा आणि काकांनी अंधारात नदीवरची मोटर वर ओढली, गुरं सोडली. आजी मात्र म्हणत होती, पाणी काही इथवर यायचं नाही."

त्या वेळी धरणातून सेकंदाला अडीच लाख घनफुटांहून जास्त पाणी सुटलं होतं.

"मग आजी निघाली का गं?"

"मी तिचा हातच सोडला नाही. निघाली!"

परतताना गाडीत कुणी दंगा केला नाही. भोंग्याचा आवाज विरतो तिथून पुढं निरोप माणसांनीच न्यायचा असतो: तलाठ्यानं, कोतवालानं आणि चौथीतल्या मुलीनंसुद्धा.

आता तुमचं काम. तुमच्या गावात भोंगा कुठं आहे? शेवटचा कधी वाजला? आणि तो ज्यांना ऐकू येत नाही, अशा आजी-आजोबांना कोण सांगणार? आज घरी विचारा.