नाशिकरोडची भिंत

गजपंथाच्या यात्रेसाठी नाशिकरोड स्थानकावर उतरणारा यात्रेकरू तेथे सहसा रेंगाळत नाही. सामान सावरतो आणि म्हसरूळची वाट धरतो. गेल्या कार्तिकात आम्हीही तसेच केले. परतताना मात्र गाडीला तीन तासांचा अवकाश होता. आईला प्रतीक्षालयात बसवून मी करन्सी नोट प्रेसच्या भिंतीपर्यंत जाऊन आलो.

तेथे पाहण्यासारखे काही नाही, असे कोणीही म्हणेल. उंच भिंत, पहारा आणि सामान्य माणसाला बंद असलेले दार. तरीही व्यापाऱ्याच्या मुलाला ती वास्तू परकी वाटू नये. पूर्वी आपल्या कागदी नोटा इंग्लंडमधून छापून येत. १९२८ साली येथे छपाई सुरू झाली आणि पंचम जॉर्जचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट येथून बाहेर पडली. आज देवास, म्हैसूर आणि सालबोनी येथेही नोटा छापल्या जातात.

मी नोटा जमवतो, त्या क्रमांकाच्या आरंभीच्या खुणेसाठी. एक अंक आणि दोन अक्षरे यांच्या या खुणेला संग्राहक ‘प्रीफिक्स’ म्हणतात. पुढचा क्रमांक सहा अंकी असल्याने एका मालिकेत सुमारे दहा लाख नोटाच बसतात. मग खूण बदलते. गव्हर्नरांची सही, मागील बाजूस छापलेले वर्ष आणि क्रमांकाच्या चौकटीतील लहान अक्षर यांचा मेळ घातला, की नेहमीच्या वापरातली एखादी नोटही दुर्मीळ ठरते.

त्यांतही तारांकित नोटेचे मोल निराळे. ऑगस्ट २००६ पर्यंत शंभर कोऱ्या नोटांच्या पुडक्यात क्रमांक ओळीने असत. छपाईत एखादी नोट सदोष निघाली, तर तिच्या जागी दुसरी घालण्यासाठी त्या वर्षी नवी पद्धत आली: बदली नोटेच्या प्रीफिक्स आणि क्रमांक यांच्यामध्ये एक तारा छापायचा. आधी दहा, वीस व पन्नासच्या नोटांवर तो आला, २०१६ मध्ये पाचशेच्या नोटेवरही. छापखान्याने आपली चूक बाजारात जाण्याआधीच पकडली, एवढाच त्या ताऱ्याचा अर्थ.

हे सारे मला ठाऊक नव्हते, तेव्हाची गोष्ट. जुलै २०२३ मध्ये तारा असलेली नोट खोटी असते, अशी अफवा मोबाईलवर फिरली. आमच्या किराणा दुकानात एका वृद्ध मावशींनी तशी पाचशेची नोट पुढे केली. मी ती परत केली. मावशी काही बोलल्या नाहीत; बांधलेले सामान तेथेच ठेवून निघून गेल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले, की ती नोट इतर कोणत्याही नोटेसारखीच वैध आहे.

अण्णांनी वृत्तपत्र माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, “नोट खरी होती. खोटं कोण पडलं?”

त्याच संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेलो. ती नोट कोणीतरी साडेचारशेला घेतली होती. मी क्षमा मागितली आणि पन्नास रुपये पुढे केले. त्यांनी ते घेतले, पदराच्या गाठीत बांधले आणि म्हणाल्या, “पैशाचं जाऊ दे बाळा, चार माणसांत मान खाली गेली.”

त्या प्रसंगानंतर मी ताऱ्याची माहिती मिळवली आणि हा छंद जडला. नाशिकरोडच्या भिंतीपाशी उभा असताना मला तेच आठवत होते. सदोष नोट बाहेर पडू नये म्हणून आत इतकी निगराणी. आणि बाहेर मी एका अफवेवर खरी नोट नाकारली होती.

माझ्या वहीत पाचशेच्या तारांकित नोटेचे पान मी मुद्दाम रिकामे ठेवले आहे. तशी नोट गल्ल्यात आली, की मुलाला आणि समोरच्या ग्राहकाला तारा दाखवतो, त्याचा अर्थ सांगतो आणि ती पुन्हा व्यवहारात जाऊ देतो.