आमची करंजी

मिनेसोटात उन्हाळा असा असतो तरी किती? मेमोरियल डे ते लेबर डे, झालं! तेवढ्यात बाग, भारतातले पाहुणे, गणपतीची तयारी आणि लेक सुपीरियर, सगळं उरकायचं. हे सरोवर आम्ही १९९६ पासून एका तेरा फुटी ट्रेलरमधून बघत आलो आहोत.

ट्रेलर १९८४ सालचा 'स्कॅम्प', आपल्याच राज्यातल्या बॅकस गावी बनलेला. या घराण्याचं मूळ मात्र कॅनडातलं. विनिपेगच्या रे ओलेको यांनी १९६८ मध्ये 'बोलर' नावाचा फायबरग्लासचा ट्रेलर काढला. त्याआधी त्यांनी फायबरग्लासची सेप्टिक टाकी तयार केली होती. (पाहुण्यांना आम्ही हे जेवणं झाल्यावर सांगतो.) साच्यातून वरचं आणि खालचं अशी दोन कवचं काढायची आणि मध्ये जोडायची. इथले लोक याला 'अंडं' म्हणतात. १९९७ साली आई-बाबा आले, तेव्हा मधली ती कड बघून आई म्हणाल्या, "अगंबाई, ही तर करंजी!" तेच नाव पडलं.

बाबा दापोडीच्या एस. टी. वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. करंजीखाली शिरून त्यांनी चाकांच्या बेअरिंगचं जुनं काळं ग्रीस पुसून काढलं आणि नवं भरलं. वर नियम घालून दिला: गाडी जिथे थांबेल तिथे चाकाच्या मधल्या भागाजवळ पालथा हात न्यायचा. दोन्हीकडे सारखं कोमट असेल तर ठीक. एक बाजू सोसवत नसेल, तर पुढे जायचं नाही.

ते परत गेले आणि नियमही त्यांच्याबरोबर गेला. २००१ साली टू हार्बर्सच्या अलीकडे उजव्या चाकातून धूर निघाला. मागे दोन मुलं, कुकर, पुरणपोळ्यांचा डबा. गूजबेरी धबधबा पुढे तेराच मैलांवर होता! तो त्या वर्षी राहिला, आणि दोन रात्री एका गॅरेजच्या आवारात काढल्या. बेअरिंगमध्ये ग्रीस म्हणायला नव्हतं. चूक सर्वस्वी आमची. बाबांना मात्र फोनवर "प्रवास छान झाला" एवढंच सांगितलं.

दुसरी चूक जास्त महागात पडली. करंजीची कड शाबूत राहते. गळते ती भोकांतून. आतली कपाटं बाहेरपर्यंत गेलेल्या रिव्हेटांनी टांगलेली असतात. काळाने रिव्हेट सैल होतात, खिडक्यांचं रबर कडक होतं. थेंब दिसला की आम्ही सिलिकॉनची नळी पिळायचो. गळती काही दिवस थांबायची, पण आत शिरलेलं पाणी अस्तराच्या मागून उतरून फरशीच्या प्लायवूडमध्ये मुरत होतं. शिवाय सिलिकॉनवर नंतर ना रंग धरतो ना रेझिन. ते खरवडण्यात आमची नखं गेली. ब्यूटिल टेपची पट्टी आधीच लावली असती तर...

२०२३ मध्ये मुलगी म्हणाली, "आता विका ना. मोटेलमध्ये राहा." गुडघे तिच्याच बाजूचे, म्हणून आम्हीही हो म्हटलं. एक गिऱ्हाईक आलं. दारातून आत पाऊल टाकलं आणि त्याचा बूट फरशीत गेला! "मोडीत काढा," म्हणाला. पैशांचं एवढं नाही, पण तो शब्द लागला. रात्री आम्ही दोघंही जागे होतो आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

मग २०२४ चा जुलै त्यातच गेला. गारठ्यात रेझिन नीट धरत नाही, म्हणून हे काम उन्हाळ्यातलंच. कुजलेला भाग कापला, पंखा लावून आठवडाभर वाळवलं, मरीन प्लायवूडला सगळ्या कडांनी रेझिन पाजलं आणि फायबरग्लासच्या पट्ट्यांनी ते कवचाशी सांधलं. हार्डनर थेंबांनी मोजून घालायचं असतं. आमच्यापैकी एकाने (कोण ते सांगत नाही) फोडणीत हिंग घालावा तसं अंदाजाने घातलं, तर डबा तापून धुरायलाच लागला. पॉलिश घासताना उडणारी भुकटी खाजकुइलीसारखी. तोंडाला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. अ‍ॅक्सलमधलं रबर चाळीस वर्षांत दगड झालं होतं. तो वेल्डिंगच्या दुकानातून बदलून घेतला. टायरची नक्षी शाबूत होती, पण वय झालेलं, तेही नवे.

सप्टेंबरात निघालो, आठ वर्षांच्या नातीला घेऊन. डुलुथच्या अलीकडे चढ संपतो आणि एकदम खाली ते अथांग निळं पाणी आणि उचलता पूल दिसतो. ती म्हणाली, "आजी, हा समुद्रच आहे!" टू हार्बर्सला थांबलो, तेव्हा न सांगता उतरून तिने दोन्ही चाकांजवळ पालथा हात नेला. "हॉट नाहीये, आजोबा. दोन्ही नुसतं कोमट."

रात्री गूजबेरीला पाऊस लागला. टॉर्च घेऊन आम्ही दर तासाला फरशी चाचपत होतो. कोरडी! पहाटे मागच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात एक थेंब लोंबताना दिसला. त्याच्याखाली वाटी ठेवली आणि चहा टाकला. ब्यूटिल टेप सामानात होतीच.