सेगा पाहताना

कोल्हापूर सोडून मॉरिशसच्या आरोग्यसेवेत काम करणाऱ्याला सेगा हा इथला नाच दोन ठिकाणी भेटतो. समुद्रकाठच्या हॉटेलात तो पाहुण्यांच्या जेवणाबरोबर, झगमगीत घागऱ्यांत येतो. वस्तीत किंवा रविवारच्या किनाऱ्यावर मात्र नाचणारे कोण आणि बघे कोण, हेच थोड्या वेळाने सांगता येत नाही. हा दुसरा सेगा पाहणं हा विरंगुळा नव्हे, आमच्या कामाचाच भाग आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. दवाखान्यात आम्हाला माणूस बसलेला किंवा आडवा झालेला दिसतो. त्याचं शरीर त्याच्या मर्जीने कसं हलतं, ते तिथे कळत नाही.

हा नाच गुलामांनी घडवला. मादागास्कर आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून धरून आणलेल्या माणसांचा तो होता. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, तरी प्रतिष्ठितांनी आणि चर्चने त्याला पुढे कित्येक वर्षं असभ्यच ठरवलं. १९६४ मध्ये ल मोर्न इथल्या सेगाच्या रात्री गायक ती फ्रेर हे सेगाचे राजे ठरले, आणि २०१४ मध्ये पारंपरिक सेगा युनेस्कोच्या वारसायादीत गेला. सेगात वाजणाऱ्या रावान या वाद्याला शेळीचं कातडं असतं आणि वाजवण्याआधी ते जाळावर तापवतात. हलगी तापवताना पाहिलेल्या कोल्हापूरकराला यात नवल वाटणार नाही. हलगीवर ताल धरणाऱ्या गावाने ती वाजवणाऱ्याला कुठे उभं केलं होतं, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला रावानची अवहेलनाही कळते. सेगात पाय जमीन फारसे सोडत नाहीत, सरकत राहतात. सारी लय कमरेत असते. उड्या नसल्यामुळे उतारवयातल्या बायकाही त्यात सहज मिसळतात.

आता पुराव्याकडे येतो. मधुमेहाचं प्रमाण फार मोठं असलेल्या देशांत मॉरिशसची गणना होते. १९८७ नंतर सरकारने रेशनच्या तेलातलं पामतेल हटवून बहुतांशी सोयाबीनचं तेल आणलं, आणि १९९२ पर्यंत लोकांचं सरासरी कोलेस्टेरॉल स्पष्टपणे उतरलं. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात हे उदाहरण आजही दिलं जातं. पण त्याच काळात लठ्ठपणा वाढला आणि मधुमेह हटला नाही. फावल्या वेळात व्यायाम करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण थोडं वाढूनही तीन टक्क्यांच्या आतच राहिलं. तेल हुकमाने बदलता आलं, शरीराची सवय नाही. रंकाळ्यावर फिरायला कधीही न जाणारी बाई गौरीच्या रात्री तासन् तास झिम्मा-फुगडी खेळते, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तिला ‘व्यायाम करता का?’ असं विचारलं तर ती ‘नाही’ म्हणेल, आणि ते खरंही असेल. सेगा नाचणाऱ्या बाईचंही तसंच आहे.

यावर आक्षेप येतो, की नाचाच्या रात्री रमही असते आणि गातो-पिमाँ हे तळलेले मिरचीवडेही. ते खरं आहे. सेगा हे औषध आहे असा माझा दावाच नाही. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: दुःखातून उभ्या राहिलेल्या कलेला डॉक्टरी नजरेने मोजणं हा तिचा अपमान नाही का? तिला कॅलरीत मोजलं, तिच्या ‘थेरपी’च्या तासिका भरवल्या, तर नक्कीच आहे. म्हणूनच कोकणातली जाखडी झाकरी या नावाने जपणाऱ्या इथल्या मराठी घरांना ‘आरोग्यासाठी नाचा’ असं सांगायला मी जाणार नाही. घरात क्रिओल बोलू लागलेल्यांनीही ती सोडली नाही, आणि त्यामागे कुणा डॉक्टरचा सल्ला नव्हता.

पण न पाहण्याची किंमत रुग्ण मोजतो. सेगा बहुधा अनवाणी नाचतात, पुष्कळदा वाळूत. मधुमेहाने तळव्याची जाणीव गेलेल्या माणसाला शिंपल्याचा तुकडा लागलेला कळत नाही, आणि तशा जखमेतून पुढे पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. हे माहीत नसलेला परका कर्मचारी ‘अनवाणी चालू नका’ एवढं सांगून मोकळा होतो. रुग्ण मान हलवतो आणि शनिवारी नाचतो. ज्याने नाच पाहिला आहे, तो नाचाआधी जागा झाडायला आणि पायात मऊ, बंद बूट घालायला सांगेल, नाचून आल्यावर तळवे घरच्या कुणाकडून तपासून घ्यायला लावेल. शिवाय, पूर्वी रात्रभर नाचणारी बाई आता दोन गाण्यांत का बसते, हेही तो विचारेल. दम लागतो, गुडघा धरतो की पाय कुठे पडतो ते कळत नाही, या तीन उत्तरांवर तीन वेगळ्या तपासण्या ठरतात.