रंगाने डावी

आपला चेहरा आपण आरशात पाहतो, ही एक भाबडी समजूत आहे. वस्तुतः तो आपण प्रथम घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतो आणि आरसा त्या ऐकीव वर्णनाची पुढे केवळ रुजवात घालतो. 'रंगाने डावी, पण नाकीडोळी नीटस' हा माझ्याविषयीचा अभिप्राय, भिंतीवरच्या आरशापर्यंत माझी उंची पोचण्यापूर्वीच मला पाठ झाला होता. आणि सायीत कालवलेले डाळीचे पीठ दर रविवारी तोंडाला फासण्याचा आत्याचा शिरस्ता मी बिनतक्रार पाळीत असे.

स्थळांना पाठवायच्या फोटोच्या वेळी छायाचित्रकाराने हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगितली एवढेच. त्याची खरी कारागिरी मागाहून, आतल्या खोलीत चालली. खालून उजेड येणाऱ्या तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, टोकदार शिसपेन्सिलीने तो माझ्या गालांवर अतिसूक्ष्म रेघा भरीत होता. निगेटिव्हवर जेथे काळे भरावे तेथे छापात पांढरे उमटते. सारांश, माझे ते गोरेपण अक्षरशः काळ्या शिशाचे होते. फोटो पसंत पडे, पत्रिका जुळे, आणि प्रत्यक्ष पाहून गेल्यावर मंडळी 'कळवतो' म्हणत.

जाहिरातींना सरसकट दोष देण्याचा मात्र माझा स्वभाव नाही. 1941 साली लक्स साबणाच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या, तेव्हा आमच्या आईच्या पिढीला ठाऊक होते की त्या नटी आहेत आणि आपण नाही. त्या अंतरात एक प्रकारची मोकळीक होती. 1975 साली आलेल्या फेअर अँड लव्हलीने हे अंतरच मिटविले. तिच्या खोक्यावर पुढे एकाच मुलीचे चेहरे, सावळ्याकडून उजळाकडे, ओळीने छापलेले असत: नमुना कोणी अप्सरा नव्हे, तर आणखी काही आठवड्यांनंतरची तूच! काळेपण तोवर दैवाकडे जमा होते. आता तो मुलीचा आळस ठरला, आणि ही धूर्तता मला कोणत्याही अतिशयोक्तीहून अधिक घातक वाटते.

2014 साली जाहिरात मानक परिषदेने सावळ्या माणसास दुःखी वा अपयशी दाखविण्यास मनाई केली. 2020 साली नळीवरील 'फेअर' जाऊन 'ग्लो' आले. घरांतून मात्र इतकीही दुरुस्ती झालेली नाही. कित्येक विवाहमंडळांच्या अर्जात गोरा, निमगोरा, गहूवर्णी, सावळा अशी प्रतवारी मागणारा रकाना अद्याप कायम आहे. तसा अर्ज आपल्या हाती आला, तर तेवढा रकाना कोरा सोडावा, ही वाचकांस विनंती.