नळावरची भांडणं

तंजावरात मी शिकलेला पहिला तमिळ वाक्प्रचार म्हणजे 'कुळायडी संडै'. ज्यांच्या घरी उतरले होते त्या अक्का टीव्हीवरची चर्चा बघत होत्या. चार पुढारी एकदम ओरडायला लागले तसा त्यांनी आवाज बंद केला आणि कपाळाला हात लावून हे दोन शब्द उच्चारले. मग तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन इथलीच होऊन गेलेल्या त्यांच्या घरच्या मराठीत मला अर्थ सांगितला: नळाच्या बुडाशी चाललेलं भांडण. मी हसले. आपल्याकडे सभागृहात गोंधळ झाला की आपणही हेच म्हणतो. दोन भाषांचं कूळ वेगळं, लिपी वेगळी, आणि बायकांची टिंगल मात्र शब्दाला शब्द तीच.

हसू फार टिकलं नाही. मी लातूरची आहे.

आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचा, पुढे पुढे तोही नाही. आई रात्री अडीचला उठून रांगेत घागर ठेवून यायची. घागरीच्या काठाला तिनं नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता, कारण रांगेत माणसं नाही, घागरी उभ्या असतात आणि अंधारात सगळ्या घागरी सारख्याच. भांडण व्हायचंच. पाणी किती वेळ राहील हे कुणालाच ठाऊक नसायचं. धार करंगळीएवढी आणि मागे वीस घागरी. अशात पुढचीनं हळूच आणखी एक कळशी लावली तर मागची गप्प कशी बसेल? या भांडणात पुरुष नसायचे. ते सोशिक होते म्हणून नव्हे. ते झोपलेले असायचे. मार्च 2016 मध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी कलम 144 लागलं, तेव्हा आमच्या नळावरच्या भांडणाला सरकारी नाव मिळालं: कायदा आणि सुव्यवस्था. एप्रिलच्या 12 तारखेला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे आली. त्या गाडीचे फोटो जगभर गेले. लाल ठिपक्याच्या घागरीचा फोटो कुणी काढला नाही.

तंजावरला मी सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद बघायला गेले होते. मनात खात्री होती की इथे पाण्याचा विषय निघणार नाही. कावेरीचं खोरं, भाताचं कोठार, करिकाल चोळाचा कल्लणै बंधारा. पाण्याला इथे काय तोटा? इथे 12 जूनला मेट्टूर धरण उघडलं की नाही यावर सरकारचं यशापयश मोजतात. कावेरीचा तंटा 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयात मिटला (मिटला म्हणायचं) तेव्हा तमिळनाडूच्या वाट्याला कर्नाटकाकडून वर्षाला 177.25 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आलं. मी वहीच्या मागच्या पानावर उगाच हिशेब मांडला. तमिळ बायकांचा प्लास्टिकचा कुडम, म्हणजे घागर, साधारण पंधरा लिटरचा. म्हणजे एका टीएमसीत जवळजवळ 189 कोटी कुडम. टीएमसी पुरुष मोजतात, वकील लावून, रस्ते अडवून, आणि त्याला आंदोलन म्हणतात. कुडम बाई मोजते, आणि ते कुळायडी संडै होतं.

अक्कांच्या घरी नळ आहे, बोअर आहे, शिवाय दर दोन दिवसांनी वीस लिटरचा जार येतो. त्यांच्याकडे कामाला येणारी बाई एका सकाळी उशिरा आली. अक्का रागावल्या नाहीत. "नल्ल तण्णी आलं नसेल," एवढंच म्हणाल्या. नल्ल तण्णी, चांगलं पाणी. दुसरं ते उप्पु तण्णी, खारं. आपण गोडं आणि मचूळ म्हणतो तसंच. त्या बाईच्या वस्तीत हापसा आहे, पण त्याचं पाणी उप्पु: डाळ शिजत नाही, केसांची जटा होते. नल्ल तण्णी वस्तीच्या तोंडाशी एका नळाला येतं, कधी पाचला, कधी सातला. म्हणजे कामावर जायची वेळ तो नळ ठरवतो. पगार कापायचा की नाही, हे अर्थात अक्कांसारख्यांच्या स्वभावावर. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा 2023 चा अहवाल सांगतो की ज्या घरांत पाणी आवारात येत नाही, अशा दहांपैकी सात घरांत ते बायका-मुली भरतात. त्या बाईला दहाव्या वर्षापासून हे माहीत होतं. शाळा तेव्हाच सुटली.

बृहदीश्वराच्या देवळात मराठी माणूस जातो तो 1803 मधला भोसले वंशाचा शिलालेख बघायला. आपलं देवनागरी दिसलं की ऊर भरून येतो, फोटो काढतो, निघतो. मीही काढला. पण त्याच देवळाच्या भिंतींवर राजराज चोळाच्या काळचे तमिळ लेख आहेत. करमाफ जागांच्या याद्यांत गावठाण येतं, तळी येतात, गावातून जाणारे पाट येतात, आणि मग वेगळी परैच्चेरी, म्हणजे परैयांची वस्ती, तिचं वेगळं स्मशान. हजार वर्षांपूर्वीचा तो गावनकाशा आजही चालतो. शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात वेंगैवयल गावी डिसेंबर 2022 मध्ये दलित वस्तीच्या पाण्याच्या टाकीत मानवी विष्ठा सापडली. मुलं आजारी पडली म्हणून कळलं. म्हणजे तोवर त्या पाण्याची घागर कुणीतरी भरली होती, त्यात भात शिजवला होता, मुलाच्या ओठाला पेला लावला होता. त्या हातांना नंतर काय वाटलं असेल, याचा तपास कोणतीही यंत्रणा करत नाही. महाडला 1927 मध्ये दलितांनी पाणी प्यायल्यानं चवदार तळं बाटलं म्हणून त्यात शेण-गोमूत्राचे घडे ओतून ते शुद्ध केलं होतं. माणसानं पाण्यात काय टाकायचं, हे पाणी कोण पिणार यावरून ठरत आलंय.

मोडी वाचून डोळे शिणले की मी छत्रांबद्दल, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळांबद्दल, वाचत बसायची. तंजावरच्या सरफोजीराजांनी 1802 च्या सुमारास ओरत्तनाडला मुक्ताम्बाळ छत्र उभारलं. रामेश्वराच्या वाटेवर अशी कितीतरी छत्रं, बरीचशी राजघराण्यातल्या बायकांच्या नावांची. ब्राह्मणापासून परैयापर्यंत कुणालाही तिथे शिजलेला भात मिळे, आजाऱ्याला औषध, बाळंतिणीची व्यवस्था. त्या काळी ही मोठीच गोष्ट, आणि मला तिचा अभिमानही वाटतो. तरी हजारो माणसांचा भात म्हटला की मला आधी त्याचं आधण दिसतं. ते ज्यांनी विहिरीतून शेंदलं त्यांचं नाव एकाही छत्राला पडलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी हट्टानं अक्कांच्या बाईच्या वस्तीतल्या त्या नळावर गेले. पावणेसहा वाजले होते. हिरवे, केशरी, निळे कुडम ओळीत, एकाच्या गळ्याला साडीची चिंधी, एकावर खिळ्यानं ओढलेली फुली. मी विचारलं, ठिपका नाही का देत? कुणाला कळलं नाही. अक्कांच्या बाईनं भरलेला कुडम माझ्या कमरेवर दिला. आमच्याकडे चुंबळ करून डोक्यावर घेतात, असं मी खुणांनी सांगेपर्यंत तो घसरला आणि माझी साडी घोट्यापर्यंत भिजली. रांगेतल्या बायका खळखळून हसल्या. एक म्हातारी मात्र हसली नाही. तिनं सांडलेल्या पाण्याकडे बघितलं, मग रांगेकडे, आणि माझ्या हातातला कुडम काढून घेऊन पुन्हा सगळ्यात मागे नेऊन ठेवला.